खिडकी उघडत नाही

आमचे चिंचपाडा हे गाव नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. एका बाजूला खांडबारा, दुसऱ्या बाजूला नवापूर आणि मध्ये आम्ही. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या आमच्याकडे मान न वळवता निघून जातात. स्टेशन, मिशनचा जुना दवाखाना, बाजार, शाळा आणि भोवती भाताची नि तुरीची शेते, एवढा आमचा पसारा. प्रवास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे आगगाडीच येते. लग्नाला जायचे गाडीने, सुरतेला कामधंदा शोधायला जायचे गाडीने, आणि दिवाळी आटोपली की बारडोलीकडे ऊस तोडायला जायचे तेही पुष्कळदा गाडीनेच.

विमान आम्ही पाहतो ते खालून. हिवाळ्यातल्या सकाळी आभाळात एक पांढरी रेघ उमटू लागते, तिच्या टोकाशी चांदीचा ठिपका चमकतो, आणि पटांगणातली सगळी पोरे प्रार्थना अर्ध्यावर टाकून माना वर करतात. डोळे मिटून प्रार्थना म्हणा, असे सांगणारा मीही तेव्हा वरच पाहत असतो, हे मात्र पोरांच्या ध्यानात येत नाही.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच मास्तरकीत रुळत होतो. चौथीच्या वर्गात वाहतुकीच्या साधनांचा धडा चालला होता. बैलगाडी, सायकल, एस.टी., आगगाडी असे करीत करीत मी विमानापाशी आलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. वर्षभरात त्याने कधी हात वर केला नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बसलात का विमानात?"

खरे उत्तर दोन अक्षरी होते आणि खोटे एक अक्षरी. मी एक अक्षरी दिले. म्हटले, "हो."

वाचकहो, माझी बाजू थोडी मांडू द्या. त्या पोरांच्या आसपास विमानात बसलेला एकही माणूस नव्हता. मी 'नाही' म्हटले असते, तर त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला असता की, विमान ही पुस्तकातल्या सिंहासारखी गोष्ट आहे. असते खरी, पण आपल्यासाठी नसते. निदान पुढे मी माझ्या मनाची समजूत अशी घातली. खरे कारण याहून साधे असावे. चाळीस-पन्नास डोळे एकदम आपल्याकडे लागले म्हणजे मास्तराला 'नाही' म्हणवत नाही.

एक 'हो' म्हटले की प्रकरण तिथे थांबत नाही. कुठून कुठे गेलात? मुंबईहून दिल्लीला. वर काय दिसते? घरे काडेपेटीएवढी, माणसे मुंग्यांएवढी. आणि ढग? आता मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा. म्हटले, "मी खिडकी उघडली, हात बाहेर काढला आणि एक ढग मुठीत धरला. मूठ उघडून पाहतो तो काय, सगळा तळहात ओला!"

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. माझ्या एका कादंबरीवर एका परीक्षकाने 'वास्तवाचे भान कमी' असा शेरा मारला आहे. त्या दिवशी चौथीच्या वर्गात तसला एकही परीक्षक नव्हता.

गोष्ट तिथेच राहिली असती तर निभावले असते. पण थोरल्याकडून धाकट्याकडे ती पोहोचत गेली. जूनमध्ये नवा वर्ग आला की आठ-पंधरा दिवसांत कोणीतरी म्हणणारच, "गुरुजी, ढगाची गोष्ट सांगा ना." मी सांगत गेलो. पंधरा वर्षांत ती इतकी घोटली गेली की, ओल्या तळहाताचा गारवा कधी कधी मलाच जाणवू लागे.

आमच्या भागात होळीचा मान मोठा. बाहेरगावी कामाला गेलेली माणसे दिवाळीला येतील न येतील, होळीला घरी येतात. मागल्या वर्षीच्या होळीला तो मागच्या बाकावरचा मुलगा मला भेटायला आला. मुलगा कसला, चांगला पंचविशीचा बाप्या झालेला. गोव्यात एका हॉटेलात वीजेची कामे करतो. एकदा काम तातडीचे निघाले, तेव्हा मालकाने त्याला सुरतेहून विमानाने बोलावून घेतले होते. ओटीवर बसून त्याने चहा घेतला, घरच्यांची खुशाली सांगितली. आमच्या सौ. कपबश्या घेऊन आत गेल्या तेव्हा तो हळूच म्हणाला,

"गुरुजी, खिडकी उघडत नाही."

"कसली?"

"विमानाची. मी शेजारच्या माणसाला विचारलं, ही कशी उघडायची म्हणून. तो हसला. मग त्यानं पुढच्या खुर्चीवरच्यालाही सांगितलं. तोही हसला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी म्हटले, "अरे, मी बसलोच नव्हतो."

"ते कळलं मला," तो म्हणाला. "पण गुरुजी, एक आहे. विमान वर चढताना सगळं अंग थरथरत होतं. तेव्हा मनात आलं, आपले गुरुजी बसून आलेत, त्यांना काही झालं नाही. मग भीती गेली." आणि जाताना चप्पल पायात सरकवीत म्हणाला, "आता बसा एकदा."

ती रात्र मला काही गोड गेली नाही. माझ्या त्या एका थापेने त्याला धीरही दिला होता आणि चार माणसांत हसेही केले होते. पैकी कोणते जमेला धरायचे आणि कोणते खर्ची टाकायचे? पहाटे मी सौ.ना उठवून म्हटले, "अगं, येत्या दिवाळीत आपण विमानाने गोव्याला जायचं."

त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "नवी कादंबरी का?"

कादंबरी नव्हती, पण कादंबरीचे मानधन होते. तेवढे दोघांच्या जाण्यायेण्याच्या तिकिटांत संपले. दिवाळीत घर सोडून जायचे कसे, ही सौ.ची मोठी अडचण. ती माझ्या आईने सोडवली. ती म्हणाली, "दिवा मी लावीन. तुम्ही जा, आणि वरून आपलं घर दिसलं तर बघा, कौलं नीट आहेत का ते."

आता या अंकाच्या वाचकांपैकी जे कोणी सुटीत पहिल्यांदा विमानाने निघणार असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सांगणारा माणूस आता खरोखर बसून आलेला आहे.

तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे. सण जवळ आला की विमानाचे भाडे भाजीच्या भावासारखे चढते. तिकिटावरचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. माझ्या एका कागदावर वडिलांचे नाव मध्ये आहे, दुसऱ्यावर ते गायब आहे. या घोळात आमचे आठ दिवस गेले. सामान दोन प्रकारचे. देशातल्या देशात साध्या वर्गाने जाताना विमानाच्या पोटात टाकायला माणशी १५ किलो आणि हातात ठेवायला ७ किलो, असा सर्वसाधारण हिशेब असतो. तरी आपल्या तिकिटावरचा आकडा वाचून घ्यावा. वजन घरीच करावे. आम्ही वाण्याच्या काट्यावर केले.

फराळाचे म्हणाल तर लाडू, चकल्या, शंकरपाळे यांना कोणी हरकत घेत नाही. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सामानात चालत नाहीत. खोबरे तेलकट, ते पेट घेईल ही धास्ती. आमचा नंदुरबार जिल्हा मिरचीसाठी नावाजलेला, तेव्हा तिखटाचा डबा बरोबर हवाच. पण तो हातातल्या पिशवीत ठेवला तर तपासणीत काढून घेतात, म्हणून तो पोटातल्या सामानात द्यावा. फटाके आणि काडेपेटी कुठेच चालत नाही. देवापुढे लावायला म्हणून सौ.नी उदबत्तीबरोबर काडेपेटी घेतलीच होती. ती मी आदल्या रात्री गुपचूप काढून ठेवली. उलट, मोबाइल भारायची ती जी छोटी बॅटरी असते, पॉवर बँक म्हणतात ती, पोटातल्या सामानात मुळीच टाकू नये. ती हातातल्या पिशवीतच हवी. तिने पेट घेतला तर निदान कोणाला तरी दिसेल, हा विचार त्यामागे आहे.

धनत्रयोदशीला पहाटे आम्ही निघालो. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यातली माणसे सातपुड्यात अस्तंब्याच्या यात्रेला पायी डोंगर चढत असतात. आम्ही मात्र उंच जाण्यासाठी आधी पश्चिमेकडे निघालो होतो. नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर एका बाकाच्या मध्यावर दोन राज्यांची हद्द आखलेली आहे. तिथून उच्छल, सोनगड, व्यारा, बारडोली असे करीत तीन-साडेतीन तासांत सुरत आली.

सुरतेच्या विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. आत शिरताच सौ. म्हणाल्या, "एवढी फरशी पुसतं कोण?" देशातल्या प्रवासाला दोन तास आधी पोहोचावे असे सांगतात, आम्ही चार तास आधी पोहोचलो होतो. गाडी चुकायची सवय असलेल्या माणसाला दोन तासांवर भरवसा नसतो. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. तिथे गयावया चालत नाही.

पुढे सुरक्षातपासणी. एका तबकात मोबाइल, पाकीट, सुटी नाणी, कमरेचा पट्टा असे एकेक काढून ठेवायचे. मी घाईघाईने चपलाही काढल्या. देवळात जाताना काढतो तशा. जवान हसून म्हणाला, "चप्पल रहने दीजिए, अंकल." मागे उभा असलेला एक तरुण तोंडावर हात धरून हसला. आपल्या अज्ञानावर परका माणूस हसला की कान कसे तापतात, ते मला त्या दिवशी कळले, आणि तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला.

खुर्चीच्या आकड्यापुढे एक अक्षर असते. ज्या विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या असतात, त्यात 'ए' म्हणजे डावीकडची खिडकी आणि 'एफ' म्हणजे उजवीकडची. सुरतेहून गोव्याला जाताना तोंड दक्षिणेला, म्हणून किनारा असतो डाव्या हाताला. दुपारचे विमान असेल तर त्या बाजूला ऊनही लागत नाही. परत येताना उजवी खिडकी घ्यावी. हे सारे मी आधी नकाशावर ताडून पाहिले होते. भूगोल शिकवण्याचा एवढा तरी उपयोग.

पट्टे बांधले गेले. विमान थोडे रांगले, थांबले, मग एकाएकी धावत सुटले, आणि मागून कोणी छातीवर हात ठेवून खुर्चीत दाबावे तसे झाले. सौ.नी माझे मनगट धरले. ते गोवा येईपर्यंत सोडले नाही.

वर चढताना मला जे. आर. डी. टाटांची आठवण झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर, डाक घेऊन उतरले. आपल्या देशातल्या विमान कंपनीचा आरंभ तो. एका इंजिनाचे 'पस मॉथ' जातीचे चिमुकले विमान, एकटा माणूस आणि सुमारे २५ किलो टपाल. आमच्या दोघांचे सामानच २८ किलो भरले होते. पुढे १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा करून दाखवला.

आणि मग ढग आला. पंधरा वर्षे ज्याच्याविषयी मी बोलत होतो, तो आता माझ्या नाकासमोर होता. काय होते? धुके. नुसते करडे धुके, आणि काचेवरून तिरकी घसरत जाणारी पाण्याची चार बोटे. श्रावणात आमच्या शाळेच्या खिडकीतून सकाळी हेच आत येते, आणि पोरे त्यातूनच वर्गात शिरतात. ज्यांच्या अंगावरून ढग जातो, त्यांनाच मी पंधरा वर्षे ढगाची थाप सांगत आलो होतो.

खिडकीकडे मी नीट पाहून घेतले. ती उघडत नाही, हे खरेच. परत आल्यावर पुस्तके चाळून त्याचे कारणही शोधले. तीस-पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभरात शुद्ध हरपतो. थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास, आणि विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर. म्हणून आत हवा दाबून भरतात. ती साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट, तेव्हा विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने कळसूबाईपेक्षा थोडा वरच बसलेला असतो. आतून हवा बाहेर रेटत असते, आणि तो सगळा जोर काचेला सोसावा लागतो. खिडक्यांचे कोपरे गोल असतात तेही याचसाठी. १९५४ साली 'कॉमेट' जातीची दोन विमाने आकाशातच फुटली. चौकशीत असे निघाले की, दाबाच्या चढउतारांनी शिणलेल्या पत्र्याला चौकोनी झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी तडा गेला होता. आज आपण ज्या गोल कोपऱ्याला डोके टेकून झोपतो, त्यामागे त्या माणसांचे मरण आहे.

आणखी एक गंमत. काच एक नसते, एकामागे एक तीन असतात, आणि मधल्या काचेच्या तळाशी सुईने पाडल्यासारखे एक बारीक भोक असते. त्यातून दोन काचांमधला दाब सारखा राहतो आणि काचेवर वाफ धरत नाही. म्हणजे विमानाच्या खिडकीत उघडे म्हणावे असे काही असलेच तर ते एवढेच. माझी थाप त्यातून आत शिरण्यासारखी नव्हती.

आमच्या पटांगणातून दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेचा उलगडाही झाला. इंजिनातून निघणाऱ्या वाफेचे त्या थंडीत बर्फाचे कण होतात. ती रेघ म्हणजे तोच बर्फ. मी खाली पाहत होतो. किनारा, खाड्यांची वळणे, नद्यांच्या मुखाशी समुद्रात पसरलेले गढूळ पाणी. घरे काडेपेटीएवढी नव्हती, दिसतच नव्हती. आईची कौले कुठली दिसायला! कुठल्या तरी शाळेच्या पटांगणात या वेळी पोरे वर पाहत असतील, आणि रेघेच्या टोकाशी असलेल्या ठिपक्यात एक मास्तर बसला आहे हे त्यांना ठाऊक नसेल, असे मनात आले.

उतरताना कान दुखले. चांगले ठणकले. हे मला कोणी सांगितले नव्हते. गोळी चघळावी, आवंढा गिळावा, जांभई द्यावी. तान्ह्या मुलाला त्या वेळी पाजायला घ्यावे. शेजारच्या बाईंनी सौ.ना दिलेली पेपरमिंटची गोळी आम्ही दोघांनी अर्धी अर्धी केली.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधला. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते. आज तिथे नौदलाचा तळ आहे, म्हणून उतरताना छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. गोव्याला जाणाऱ्याने आणखी एक पाहावे. ५ जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यात मोपा येथेही विमाने उतरू लागली आहेत. वास्को-मडगावकडे जायचे तर दाबोळी बरी. म्हापसा, हरमल किंवा आपल्या सावंतवाडीकडे जायचे तर मोपा. दोन्हींत साठ-एक किलोमीटरांचे अंतर आहे. तिकिटावर नुसते 'गोवा' वाचून गाडी ठरवली तर खिसा रिकामा व्हायचा.

तो घ्यायला आला होता. चार दिवस त्याने आम्हाला आईबापांसारखे फिरवले. जुन्या गोव्याचे चर्च दाखवले, मंगेशीला नेले, कवळ्याच्या शांतादुर्गेला नेले. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीच्या रस्त्यांवर नरकासुर पाहिले. कागदाचे, गवताचे, दोन-दोन मजले उंच. रात्रभर वाजतगाजत मिरवून पहाटे उजाडण्यापूर्वी त्यांना पेटवतात. मग घरोघर पोहे. दुधातले, ताकातले, गुळातले. तिथे त्यांना फोव म्हणतात. सौ.नी शेजारच्या घरात बसून ताकातल्या पोह्यांची कृती उतरवून घेतली, आणि आमचा तिखटाचा डबा तिथेच भेट देऊन टाकला.

मिरामारच्या वाळूत बसलो असताना त्याने विचारले, "गुरुजी, कान दुखले का?"

"दुखले रे."

"माझेही दुखले होते. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय." तो थोडा थांबून म्हणाला, "ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

त्याने एवढेच म्हटले. पण माझी चूक नेमकी कोणती, हे मला तेव्हा उमगले. मी त्याला खोटा ढग दिला, हा अर्धा अपराध. उरलेला अर्धा असा की, त्या ढगाच्या नादात खरे काही शोधून सांगायचे राहूनच गेले. पट्टा कसा बांधायचा, तबकात काय ठेवायचे, कान दुखले तर भिऊ नये, यातले काहीच मला ठाऊक नव्हते, आणि 'बसलो आहे' म्हटल्यामुळे कोणाला विचारताही येत नव्हते. 'नाही रे, मी बसलो नाही. पण आपण बसलेल्या माणसाला पत्र लिहून विचारू या,' असे त्या दिवशी म्हटले असते, तर वर्गाचे काय वाकडे झाले असते? या लेखात मी इतक्या बारीकसारीक सूचना देत बसलो आहे, त्याचे कारण हे.

परतताना चिंचपाड्याला गाडीतून उतरलो, तर समोरच्या फलाटावर बोचकी, भांडी, कोयते घेऊन माणसे बसली होती. ऊसतोडीला निघालेली. त्यांच्यात माझ्या चौथीतला एक मुलगा होता. पिशवीला लटकणारी विमानाची चिठ्ठी त्याला दिसली.

"गुरुजी, विमानातून आलात? पुन्हा खिडकी उघडली?"

त्याची गाडी यायला पाच-दहा मिनिटे असतील. मी त्याच्या बोचक्याशेजारी बसलो. म्हटले, "नाही रे. ती उघडतच नाही. मी सांगितली ती गोष्ट खोटी होती. तेव्हा मी बसलोच नव्हतो. या वेळी पहिल्यांदा बसलो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मोठ्या माणसासारखा समजूत घालीत म्हणाला, "नव्या विमानांची उघडत नसेल, गुरुजी."

त्याची गाडी आली. मुकादमाने हाक मारली. तो गेला.

सुटीनंतर शाळा भरली. पटावर चौतीस, हजर एकवीस. बाकीचे फडावर. पहिल्याच दिवशी, हजेरी घेऊन झाल्यावर, मी उभा राहून सगळे सांगून टाकले. वर्ग गप्प. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मग हात ओला कसा झाला?"

"झालाच नव्हता."

"मग खरी गोष्ट सांगा."

मी सांगितली. कान दुखण्याचे ऐकून सगळ्यांनी आपापले कान चाचपले. खिडकीतले सुईएवढे भोक त्यांना ढगापेक्षाही आवडले. आम्ही बाके सरकवून मध्ये वाट ठेवली, दोन्ही बाजूंना तीन-तीन जण बसवले, 'ए'पासून 'एफ'पर्यंत अक्षरे वाटली. सुतळीचे पट्टे झाले. दप्तर तपासायला दारात दोघे उभे राहिले. मागच्या काही जागा रिकाम्या होत्या. त्यांवर कोणी बसायचे नाही, ते आले की बसतील, असे पोरांनीच ठरवले.

होळीला फडावरची माणसे परतली. तो मुलगा वर्गात आला, ऊन लागून काळवंडलेला, हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी त्याला पुन्हा सगळे सांगितले, या वेळी सावकाश. नंतर वर्गाला निबंध दिला, 'माझा प्रवास'. त्याने पाच ओळी लिहिल्या. आपण बारडोलीला गेलो, गाडीत खूप गर्दी होती, लहान बहीण रडत होती. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या :

"गाडीची खिडकी उघडते. मी उघडून पाहिली आहे."